३ कोटी ओळींच्या टेबलवर जँगो मायग्रेशन: साइट अडकते का, आणि कॉलम बदलायचा कसा?

नवाकोरा४२

जँगो ४.२ (पायथनचं वेब फ्रेमवर्क), डेटाबेस पोस्टग्रेस १४. प्रश्न मायग्रेशनचा, म्हणजे टेबलची रचना बदलणाऱ्या जँगोच्या फाइलींचा. ‘ऑर्डर’ टेबलमध्ये साधारण ३ कोटी ओळी आहेत. ऑर्डर ॲपवरून आली की वेबवरून, एवढंच आजवर ‘इज_ॲप’ या बूलियन कॉलममध्ये साठवलं जायचं. आता फोनवरूनही ऑर्डरी घेतात, म्हणून त्याच्या जागी ‘चॅनल’ असा अक्षरी कॉलम हवा आहे. त्यात वेब, ॲप किंवा फोन यांपैकी एक किंमत असेल.

आतापर्यंत केलेले प्रयोग असे:

पहिला. ००४२ या एकाच फाइलमध्ये तीन ऑपरेशन्स ठेवली. ‘ॲडफील्ड’ने चॅनल (डिफॉल्ट ‘वेब’), मग ‘रनपायथन’ने जुन्या ओळी भरणं, शेवटी ‘रिमूव्हफील्ड’ने इज_ॲप काढणं. स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) ५०,००० ओळींवर ४ सेकंद लागले. प्रॉडक्शनवर (खऱ्या सर्व्हरवर) साइट पूर्ण थिजली, साधी ऑर्डरची यादीसुद्धा उघडेना. २० मिनिटांनी कंट्रोल-सी मारलं.

दुसरा. फाइलमध्ये फक्त ॲडफील्ड ठेवलं आणि गर्दी नको म्हणून रात्री २:१५ ला चालवलं. पुन्हा तेच, साइट थिजली.

तिसरा. तीच फाइल सकाळी चालवली तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत झाली. पण पुढची ६-७ मिनिटं नव्या ऑर्डरी पडेनात. ‘चॅनल’मध्ये नल (रिकामी किंमत) आल्याने नॉट-नलचं बंधन मोडतं, अशी एरर येत होती. मॉडेलमध्ये डिफॉल्ट दिलेला असताना नल आला कुठून? शेवटी ‘मायग्रेट ऑर्डर्स ००४१’ करून मागे आलो.

भरीला दुसऱ्या ब्रँचवर सहकाऱ्याचीही ००४२ तयार झाली आहे. यातून नीट मार्ग कोणता? इज_ॲपचं नाव आणि प्रकार बदलून टाकणं सोपं पडलं असतं का?

---

जुनी_वही

लक्षणं सारखी दिसली तरी तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. नुसतं ‘टेबल मोठं आहे’ म्हणून सोडून दिलंत तर चौथ्यांदाही अडकाल.

पहिल्या वेळी ‘आल्टर टेबल’ हळू नव्हतंच. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डिफॉल्ट असलेला कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, फक्त कॅटलॉगमध्ये नोंद होते. काही मिलिसेकंदांचं काम. पण त्यासाठी ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक लागतं. हे सगळ्यांत कडक लॉक, ‘सिलेक्ट’सुद्धा अडवणारं, आणि लॉक सुटतं ते ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा गट) संपल्यावर. पोस्टग्रेसवर जँगो प्रत्येक मायग्रेशन फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतं. म्हणजे पहिल्या ओळीने टेबलला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवून तुमचं रनपायथन ३ कोटी ओळी भरत बसलं. कंट्रोल-सीनंतर कॉलमही गायब झाला असेल, तोही याच कारणाने: सगळं एकत्र रोलबॅक (रद्द) झालं. मात्र तोवर लिहिलेल्या ओळींच्या मेलेल्या आवृत्त्या टेबलात पडून आहेत. त्यावर एकदा हाताने ‘व्हॅक्यूम’ (त्या साफ करणारी कमांड) चालवा.

दुसऱ्या वेळी तुमचं आल्टर चाललंच नाही, ते रांगेत उभं होतं. रात्री दोनच्या सुमारास बॅकअप चालतो का ते बघा. बॅकअप घेणारं पीजी_डंप सुरू होतानाच सगळ्या टेबलांवर ‘ॲक्सेस शेअर’ हे हलकं लॉक घेतं आणि डंप संपेपर्यंत धरून ठेवतं. एरवी त्याचा कुणाला त्रास नसतो. पण ॲक्सेस एक्सक्लुझिव्हचं त्याच्याशी जमत नाही, म्हणून आल्टर थांबतं, आणि आल्टर रांगेत उभं राहिलं की त्याच्यामागून आलेली प्रत्येक साधी सिलेक्टही त्याच्यापाठी थांबते. म्हणजे काम मिलिसेकंदाचं असलं तरी साइट बंद राहते ती पुढे उभ्या असलेल्या सर्वांत संथ ट्रान्झॅक्शनइतका वेळ. तासाभराचा रिपोर्ट, कुणी पीएसक्यूएलच्या कन्सोलमध्ये ‘बिगिन’ करून (ट्रान्झॅक्शन उघडून) चहाला गेलेलं सेशन, सगळ्यांचा परिणाम हाच. ‘गर्दी कमी म्हणून मध्यरात्री’ हा हिशेब त्यामुळे अनेकदा उलटा पडतो, कारण रिपोर्ट आणि बॅकअप नेमके तेव्हाच लावलेले असतात.

उपाय ‘लॉक_टाइमआउट’. पोस्टग्रेसमध्ये तो मुळात ० असतो, म्हणजे अनंतकाळ वाट बघ. मायग्रेट चालवताना एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पीजीऑप्शन्स’ लावून तो ३ सेकंद करा. तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर कमांड एरर देऊन सुटते, मागची रांग मोकळी होते आणि फाइल रोलबॅक होते. २०-३० सेकंदांनी पुन्हा. शेलमध्ये १० प्रयत्नांचा लूप पुरतो. दहाही फसले तर ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ उघडा आणि ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ला अडकलेल्या प्रोसेसचा नंबर द्या, अडवणारा कोण ते लगेच कळतं. बऱ्याचदा त्याची स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असते.

तिसरी गोष्ट जँगोच्या स्वभावाची. मॉडेलमधला डिफॉल्ट पायथनमध्ये राहतो, डेटाबेसमध्ये नाही. ‘एसक्यूएलमायग्रेट ऑर्डर्स ००४२’ चालवून बघा. पहिल्या ओळीत कॉलम डिफॉल्टसकट जोडलेला दिसेल आणि लगेच दुसऱ्या ओळीत ‘ड्रॉप डिफॉल्ट’. जुन्या ओळींना ‘वेब’ मिळालं, पण अजून जुनाच कोड चालवणाऱ्या गनिकॉर्न वर्करला (वेबच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसला) चॅनल माहीतच नाही. त्याच्या ‘इन्सर्ट’मध्ये तो कॉलम नसतो, डेटाबेसकडे डिफॉल्ट उरलेला नसतो, म्हणून नल. ६-७ मिनिटं म्हणजे तुमचे वर्कर बदलायला लागलेला वेळ. सेलरी (पार्श्वभूमीतली कामं करणारं साधन) वेगळं रीस्टार्ट होत असेल तर तिथे आणखी उशिरापर्यंत एरर दिसल्या असतील.

म्हणून मायग्रेशन लिहिताना विचारायचा प्रश्न एकच: हा बदल झाल्यावर जुना कोड चालेल का? स्कीमा (टेबलांची रचना) आणि कोड एका क्षणी बदलत नाहीत. मधली काही मिनिटं दोन्ही पिढ्या एका घरात नांदतात.

नाव किंवा प्रकार बदलण्याबद्दल विचारलंत. ‘रिनेमफील्ड’ डेटाबेसला स्वस्त पडतं, पण ते होताच जुन्या कोडची प्रत्येक सिलेक्ट मोडते. जँगो सिलेक्टमध्ये तारा घालत नाही, सगळे कॉलम नावाने मागतं. प्रकार बूलियनचा अक्षरी केलात तर आख्खं टेबल पुन्हा लिहिलं जाईल, तेही त्याच कडक लॉकखाली. त्या वाटेला जाऊ नका.

---

पाटीपेन्सिल

वरच्या निदानाशी सहमत. आता प्रत्यक्ष क्रम.

पहिला डिप्लॉय. चॅनल ‘नल=ट्रू’ आणि डिफॉल्टशिवाय जोडा. जुना कोड ऑर्डर टाकेल तेव्हा तिथे नल पडेल, कुणाचं बिघडणार नाही. नव्या कोडने लिहिताना इज_ॲप आणि चॅनल दोन्ही भरायचे, वाचायचं मात्र अजून इज_ॲपवरून. दोन्ही का भरायचे? कोड मागे घ्यावा लागला तर जुन्या आवृत्तीला इज_ॲप बरोबर सापडावं म्हणून. तुम्ही ००४१ वर गेलात तेव्हा कॉलमबरोबर त्या मिनिटांतल्या ‘फोन’च्या नोंदीही पुसल्या गेल्या, हे लक्षात आलं असेलच.

वेब, सेलरी, शेड्युलर, सगळीकडे नवा कोड पोचल्याची खात्री झाली की बॅकफिल, म्हणजे जुन्या ओळी भरणं. हे मायग्रेशनमध्ये नको. वेगळी मॅनेजमेंट कमांड लिहा, म्हणजे मध्येच थांबवता येते आणि जिथे थांबली तिथून उचलता येते. प्रायमरी कीच्या टप्प्यांनी चाला: १ ते ५,०००, मग ५,००१ ते १०,०००, असं. ऑफसेट वापरू नका, तो जसजसा वाढतो तसतशी प्रत्येक खेप आधीच्या सगळ्या ओळी चाळत बसते. अट ‘चॅनल नल आहे’, आणि ‘केस-व्हेन’ने इज_ॲप खरं असेल तर ॲप, नाहीतर वेब. ३ कोटी ओळी म्हणजे ६,००० खेपा. एका खेपेला अर्धा सेकंद आणि मध्ये ०.२ सेकंद विसावा धरला तर ७० मिनिटं. सगळ्या खेपा एका ‘ॲटॉमिक’ ब्लॉकमध्ये गुंडाळू नका, नाहीतर खटाटोप फुकट.

क्वेरीसेटवरचं ‘अपडेट’च वापरा, ओळ उचलून ‘सेव्ह’ नको. अपडेटमुळे सिग्नल सुटत नाहीत आणि ‘ऑटो_नाऊ’ची तारीख बदलत नाही. नाहीतर २०१९ ची ऑर्डरसुद्धा ‘आज बदललेली’ दिसेल आणि सर्च इंडेक्सला ३ कोटी निरोप जातील.

व्हॅक्यूमचं गणित सांगतो, कारण ते कुणी बघत नाही. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत, जुनी प्रत मेलेली. ऑटोव्हॅक्यूमचा ‘स्केल फॅक्टर’ मुळात ०.२ असतो, म्हणजे तुमच्या टेबलात सुमारे ६० लाख मेलेल्या ओळी साचेपर्यंत तो हलत नाही. बॅकफिलपुरता या टेबलसाठी तो ०.०१ करा, नंतर परत आणा. आणि चॅनलवर इंडेक्स हवाच असेल तर बॅकफिल संपल्यावर. आधी लावलात तर प्रत्येक अपडेटला इंडेक्समध्येही नव्या नोंदी कराव्या लागतील. खरं तर तीनच किमती असलेल्या कॉलमवर साध्या इंडेक्सचा फारसा उपयोग नसतो. फोनच्या ऑर्डरी थोड्या असतील तर फक्त ‘चॅनल = फोन’ अशी अट असलेला पार्शल इंडेक्स बघा.

मग नॉट-नल. सरळ ‘सेट नॉट नल’ केलं तर पोस्टग्रेस ३ कोटी ओळी तपासतं, तेही कडक लॉक धरून. वळसा असा:

१. ००४३ मध्ये ‘ॲडकन्स्ट्रेन्टनॉटव्हॅलिड’ने ‘चॅनल नल नाही’ असं चेक बंधन. नव्या ओळींना लागू होतं, जुन्या तपासत नाही, क्षणात होतं.

२. ००४४ मध्ये ‘व्हॅलिडेटकन्स्ट्रेन्ट’. हे सगळ्या ओळी वाचतं, पण हलक्या लॉकखाली, लिहिणं-वाचणं चालू राहतं. ००४३ आणि ००४४ एका फाइलमध्ये ठेवू नका, नाहीतर पहिल्याचं कडक लॉक दुसऱ्याचं वाचन संपेपर्यंत तसंच राहील.

३. ००४५ मध्ये नॉट-नल. पोस्टग्रेस १२ पासून वैध चेक बंधन असेल तर तपासणी वगळली जाते. झाल्यावर चेक काढून टाका.

००४३ आणि ००४४ मधली ही दोन्ही ऑपरेशन्स जँगो ४.० पासून ‘कॉन्ट्रिब.पोस्टग्रेस’मध्ये आहेत आणि फक्त चेक प्रकारच्या बंधनांना चालतात.

---

कोकणकडा

क्रम बरोबर आहे, पण प्रत्येक नव्या कॉलमसाठी एवढं लांबण लावायची गरज नाही. डिफॉल्ट खरंच सगळ्या जुन्या ओळींना लागू असेल (उदा. ‘भेटवस्तू आहे का’, जुन्या सगळ्या ‘नाही’) तर त्याच फाइलमध्ये ॲडफील्डच्या खाली एक ‘रनएसक्यूएल’ टाका, ‘सेट डिफॉल्ट’ करणारं. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने डिफॉल्ट नसलेला क्षण बाहेर कुणाला दिसतच नाही. जुना कोड सुखाने चालतो, काम एका पायरीत. जँगो ५.० आणि पुढे असाल तर ‘डीबी_डिफॉल्ट’ हेच सरळ करतं, डिफॉल्ट डेटाबेसमध्ये कायम राहतो.

---

पाटीपेन्सिल

मान्य, पण या टेबलला नको. इथे ‘वेब’ हा डिफॉल्ट लाखो ॲप-ऑर्डरींबाबत धडधडीत खोटा आहे. बॅकफिल अर्ध्यावर थांबलं तर ‘वेब’ म्हणजे खरंच वेब की अजून न भरलेलं, हे कॉलमकडे बघून सांगता येणार नाही. नल निदान ‘अजून माहीत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतो.

---

कोकणकडा

हो, ते बरोबर. माझा मुद्दा बाकीच्या नव्वद टक्के कॉलमांसाठी.

आता दोन ००४२ चं बघू. मायग्रेशनच्या नावातला आकडा फक्त माणसांसाठी असतो. क्रम ठरतो फाइलमधल्या ‘डिपेन्डन्सीज’वरून. दोघांनीही ००४१ ला आई मानलं, म्हणून साखळीला दोन टोकं झाली आणि मायग्रेट ‘कॉन्फ्लिक्टिंग मायग्रेशन्स’ म्हणून हात वर करतं. ‘मेकमायग्रेशन्स --मर्ज’ दोन टोकांची गाठ बांधणारी रिकामी फाइल बनवतं. दोघांनी वेगवेगळ्या कॉलमांना हात लावला असेल तर ते चालतं. पण तुमची फाइल अजून कुठेच लागू झालेली नसेल तर त्याहून स्वच्छ वाट: लोकलवर ‘मायग्रेट ऑर्डर्स ००४१’, स्वतःची फाइल उडवा, सहकाऱ्याची ००४२ ओढून घ्या, पुन्हा मेकमायग्रेशन्स. तुमची आपोआप ००४३ होईल. (वर पाटीपेन्सिल यांनी दिलेले आकडे मग एकाने पुढे सरकवा.)

हे वारंवार होत असेल तर ‘जँगो-लिनिअर-मायग्रेशन्स’ पॅकेज लावा. ते प्रत्येक ॲपमध्ये शेवटच्या मायग्रेशनचं नाव एका छोट्या मजकूर फाइलमध्ये ठेवतं, म्हणून दोन ब्रँच भिडल्या की गिटमध्येच कॉन्फ्लिक्ट येतो. सर्व्हरवर कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं. सीआयमध्ये (कोड जोडताना आपोआप होणाऱ्या तपासण्यांत) ‘मेकमायग्रेशन्स --चेक’ही असू द्या, मॉडेल बदललं पण फाइल कमिट करायची राहिली हे तो पकडतो. ४.२ पासून तो फाइल बनवत नाही, नुसता एक्झिट कोड देतो. आधीच्या आवृत्त्यांत ‘--ड्राय-रन’ जोडावं लागे.

तुमची जुनी ००४२ प्रॉडक्शनवर लागून परत निघाली आहे, म्हणून ‘जँगो_मायग्रेशन्स’ टेबलमध्ये तिची ओळ उरलेली नाही ना, हे ‘शोमायग्रेशन्स ऑर्डर्स’ने एकदा पडताळा. त्या टेबलात ॲप, नाव आणि वेळ एवढंच असतं, फाइलच्या मजकुराचा चेकसम नसतो. लागू झालेली फाइल नंतर बदललीत तर जँगो चकार शब्द काढत नाही. नव्या सर्व्हरवर बदललेली चालते, जुन्यावर आधीची चाललेली असते, आणि दोन स्कीमा गुपचूप वेगळ्या होतात. फ्लायवेसारखं साधन अशा वेळी चेकसमवरून अडवतं. इथे ती शिस्त माणसांनीच पाळायची.

---

नवाकोरा४२

सगळ्यांचे आभार. बॅकअप रात्री २ वाजता सुरू होतो, कारण तेच होतं. आणखी तीन शंका. मायग्रेट सध्या कंटेनर सुरू होताना चालतं, ४ पॉड (ॲपच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) आहेत. ते ठीक आहे का? आमच्याकडे मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारा मध्यस्थ) आहे, लॉक_टाइमआउट त्यातून जाईल? आणि शेवटी इज_ॲप काढायचा कसा?

---

जुनी_वही

पॉडमधून काढा. मायग्रेट स्वतःचं कुठलंही कुलूप घेत नाही. चार पॉड एकदम उठले तर चौघांनाही ००४३ बाकी दिसते, एक जिंकतो, उरलेले ‘कॉलम आधीच आहे’ म्हणून कोसळतात आणि रीस्टार्टच्या फेऱ्यात सापडतात. त्याहून वाईट म्हणजे लांबलेल्या मायग्रेशनच्या मध्येच लाइव्हनेस प्रोबने (पॉड जिवंत आहे का बघणाऱ्या तपासणीने) पॉड मारणं. डिप्लॉयच्या आधी एकदाच चालणारा स्वतंत्र जॉब ठेवा. त्यातही भेद करा: भर घालणारी मायग्रेशन्स कोडच्या आधी, काढून टाकणारी कोडच्या नंतर.

पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सेशनवर लावलेल्या सेटिंगचा भरवसा नाही, पुढचं ट्रान्झॅक्शन वेगळ्याच कनेक्शनवर जाऊ शकतं. शिवाय पीजीऑप्शन्समधून जाणारे पॅरामीटर तो सहसा नाकारतो. मायग्रेशनच्या जॉबला बाउन्सरच्या ६४३२ ऐवजी पोस्टग्रेसचं ५४३२ हे पोर्ट थेट द्या.

‘स्टेटमेंट_टाइमआउट’कडेही बघा. ॲपच्या युझरवर तो ३० सेकंद वगैरे लावलेला असतो. व्हॅलिडेटकन्स्ट्रेन्ट किंवा ‘ॲडइंडेक्सकॉन्करन्टली’ (लिहिणं न अडवता इंडेक्स बनवणारं ऑपरेशन) त्यात मारले जातील. कॉन्करन्ट इंडेक्स अर्ध्यावर मेला तर तो ‘इनव्हॅलिड’ अवस्थेत टेबलावर राहतो. क्वेरींना उपयोग शून्य, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार. आधी तो ‘ड्रॉप इंडेक्स कॉन्करन्टली’ने काढा, मगच पुन्हा मायग्रेट, नाहीतर ‘याच नावाचा इंडेक्स आहे’ ही एरर. अशा फाइलमध्ये ‘ॲटॉमिक = फॉल्स’ लागतं, आणि ते लावल्यावर त्या फाइलमध्ये दुसरं काहीही ठेवू नका, कारण आता अर्धवट झालेलं मागे घ्यायला ट्रान्झॅक्शन नाही.

अवांतर, पण पुढेमागे लागेल: फॉरेन की जोडताना जँगो त्यावर आपणहून साधा इंडेक्स बनवतं, आणि तो बनेपर्यंत टेबलात लिहिणं बंद. मोठ्या टेबलवर फॉरेन कीला ‘डीबी_इंडेक्स=फॉल्स’ देऊन इंडेक्स वेगळ्या फाइलमध्ये कॉन्करन्टली लावा.

---

पाटीपेन्सिल

इज_ॲप काढणं हे जोडण्यापेक्षा नाजूक आहे, कारण इथे दोन्ही बाजूंनी मोडतं. कॉलम आधी काढला तर जुन्या कोडच्या सिलेक्ट पडतात. मॉडेलमधून आधी काढला तर नवा कोड इन्सर्टमध्ये इज_ॲप देत नाही, कॉलम नॉट-नल आहे, डेटाबेसमध्ये डिफॉल्ट नाही. परत तुमची तिसऱ्या वेळची एरर, उलट्या दिशेने.

म्हणून तीन डिप्लॉय. वाचणं पूर्णपणे चॅनलवर आल्यानंतर:

पहिल्यात रनएसक्यूएलने इज_ॲपला डेटाबेसमध्ये ‘सेट डिफॉल्ट फॉल्स’. आता कुणी तो कॉलम दिला नाही तरी चालतं.

दुसऱ्यात मॉडेलमधून फील्ड काढा. मेकमायग्रेशन्सने बनवलेलं रिमूव्हफील्ड ‘सेपरेटडेटाबेसअँडस्टेट’च्या ‘स्टेट_ऑपरेशन्स’मध्ये हलवा. जँगोच्या वहीतून फील्ड गेलं, टेबलातून नाही. या टप्प्यापर्यंत कोड मागे घेतला तरी जुनी आवृत्ती चालते, फक्त मधल्या काळातल्या ॲप-ऑर्डरींवर इज_ॲप ‘फॉल्स’ दिसेल. म्हणून वाचणं आधी हलवायचं.

तिसऱ्यात, दोन-चार दिवस निवांत गेल्यावर, रनएसक्यूएलने ‘ड्रॉप कॉलम’. तो कॅटलॉगपुरताच असतो, लॉक मिळालं की लगेच होतो. डिस्कवरची जागा लगेच सुटत नाही. इथे परत रिमूव्हफील्ड लिहू नका, जँगोच्या लेखी ते फील्ड आता अस्तित्वातच नाही.

---

रिकामी_चौकट

मायएसक्यूएलवाल्यांसाठी थोडं, कारण वरचं बरंचसं तिथे लागू नाही. तिथे डीडीएल (रचना बदलणाऱ्या कमांड) ट्रान्झॅक्शनमध्ये येत नाही. तीन ऑपरेशन्सची फाइल तिसऱ्यावर पडली तर पहिली दोन झालेलीच राहतात, पण जँगो_मायग्रेशन्समध्ये नोंद नसते. पुन्हा चालवलं की १०६०, ‘डुप्लिकेट कॉलम’. म्हणून एका फाइलमध्ये एकच ऑपरेशन. आणि आपला लॉक_टाइमआउट तिथे ‘लॉक_वेट_टाइमआउट’ या नावाने असतो. त्याचा मूळ आकडा ३१५३६००० सेकंद, म्हणजे बरोब्बर एक वर्ष. तो ३-५ सेकंदांवर आणल्याशिवाय आल्टरला हात लावू नका. ८.०.१२ पासून शेवटी कॉलम जोडणं ‘इन्स्टंट’ होतं. ज्या बदलांना टेबल नव्याने लिहावं लागतं त्यांना जीएच-ऑस्ट किंवा पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज ही साधनं.

---

नवाकोरा४२

स्टेजिंगवर ००४६ पर्यंत आलो (सहकाऱ्याची धरून). नल=ट्रू काढल्यावर मेकमायग्रेशन्सने एकदाच वापरायचा डिफॉल्ट मागितला, तिथे ‘वेब’ दिलं. आता एसक्यूएलमायग्रेटमध्ये ‘सेट नॉट नल’च्या आधी एक ‘अपडेट’ दिसतंय, जिथे चॅनल नल आहे तिथे ‘वेब’ घाला असं. नल तर एकही नाही. राहू द्यावं का?

---

पाटीपेन्सिल

काढा. नल एकही नाही हे तुम्हाला माहीत आहे. ते अपडेट मात्र खात्री करायला ३ कोटी ओळी चाळणार. चेक बंधन लावून जी तपासणी टाळली तीच मागच्या दाराने आली, आणि तिच्याआधी त्याच फाइलमध्ये त्या टेबलवरचं एखादं आल्टर चाललं असेल तर कडक लॉकखाली.

ती फाइल उडवून पुन्हा मेकमायग्रेशन्स करा आणि या वेळी दुसरा पर्याय निवडा, ‘आत्तापुरतं दुर्लक्ष करा’ असा. मॉडेलमध्येही चॅनलला डिफॉल्ट ठेवू नका, तोही असाच अपडेट ओढून आणतो. मग एसक्यूएलमायग्रेटमध्ये नुसतं ‘सेट नॉट नल’ उरायला हवं. तरी जास्तीची ओळ दिसली तर आल्टरफील्ड स्टेट_ऑपरेशन्समध्ये टाका आणि ‘डेटाबेस_ऑपरेशन्स’मध्ये हाताने एक ओळीचं रनएसक्यूएल. त्याला ‘रिव्हर्स_एसक्यूएल’ म्हणून ‘ड्रॉप नॉट नल’ द्यायला विसरू नका, नाहीतर मागे जाताना ‘इररिव्हर्सिबल’ म्हणून तिथेच अडकाल.

---

नवाकोरा४२

दुसरा पर्याय निवडला, आता एकच ओळ दिसते. स्टेजिंगवर ओळी कमी असल्याने वेळेवरून काही कळणार नाही, म्हणून बॅकअपमधून पूर्ण आकाराची प्रत उभी करतोय. तिथे लॉक_टाइमआउट ३ सेकंद ठेवून, बाजूला मुद्दाम एक लांब सिलेक्ट उघडी ठेवून ००४४ ते ००४६ चालवतो आणि आकडे इथे टाकतो.

---

जुनी_वही

ती सिलेक्ट ‘बिगिन’ करून उघडी ठेवा. नाहीतर क्वेरी संपताच लॉक सुटेल आणि चाचणी पास झाल्यासारखी वाटेल.